कारागिराच्या नजरेतून गाडीचा इतिहास

वाहनांचा इतिहास बहुधा वाहनांतून हिंडणाऱ्यांनी लिहिलेला असतो. त्यात राजांच्या मिरवणुका येतात, प्रवाशांचे हाल येतात, पल्ल्याचे आणि भाड्याचे हिशेब येतात, परंतु ज्या हातांनी ते चाक तासले, तो आस घडवला आणि ते लाकूड वाकवले, त्या हातांचे म्हणणे क्वचितच कागदावर उतरते. जॉर्ज ॲथेलस्टेन थ्रप यांचा १८७७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला घोडागाड्यांच्या इतिहासावरील ग्रंथ या नियमाला असलेला एक ठळक अपवाद आहे. थ्रप (१८२२–१९०५) हे पिढीजात गाडी-कारखानदार होते. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘थ्रप अँड मेबर्ली’ या नामांकित कारखान्याचे ते भागीदार होते, आणि १८७६ साली लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ या संस्थेपुढे त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून हा ग्रंथ तयार झाला. प्राचीन इजिप्तच्या रथांपासून स्वतःच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांपर्यंतची हकिगत त्यांनी सांगितली, आणि ती मुख्यतः स्वतःच्या व्यवसायबंधूंसाठी सांगितली, हे या ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

ज्या व्यवसायाच्या वतीने थ्रप बोलत होते तो लहान नव्हता. लंडनच्या गाडी-कारागिरांच्या श्रेणीला, म्हणजे एका धंद्यातील लोकांच्या मान्यताप्राप्त संघटनेला, दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७७ साली सनद दिली होती. थ्रप यांचा ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्या सनदेला बरोबर दोनशे वर्षे होत होती. मोठ्या कारखान्यात एकच मनुष्य पूर्ण गाडी कधीच करीत नसे. बसण्याचा डबा करणारा वेगळा, खालचा सांगाडा करणारा वेगळा, चाके करणारा वेगळा. त्याशिवाय लोहार, आतील गाद्या आणि कातड्याचे काम करणारा, आणि रंगाचे व रोगणाचे एकावर एक कितीतरी हात देऊन प्रत्येक हात घासून गुळगुळीत करणारा रंगारी. चाकाच्या मधल्या तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक आणि कडेच्या वक्र तुकड्यांना ॲश अशी लाकडांची वाटणी ठरलेली होती, कारण तुंब्याला भोके पाडूनही न फुटणारे, आऱ्याला भार सोसणारे आणि कडेला लवचिक असे लाकूड लागते. या विद्येवर इंग्लंडमध्ये थ्रप यांच्या आधीही लिहिले गेले होते. विल्यम फेल्टन या लंडनच्या गाडी-कारागिराने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात गाड्यांच्या रचनेवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि १८३७ साली विल्यम ब्रिजेस ॲडम्स यांनी इंग्लिश गाड्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे थ्रप हे एकटे नव्हते, तर हाताने काम करणाऱ्यांनी लेखणी धरण्याची एक परंपरा तेथे रुजली होती, आणि इतिहास म्हणून त्या परंपरेचे एक परिपक्व फळ म्हणजे थ्रप यांचा ग्रंथ.

कारागिराच्या नजरेने पाहिले की इतिहासातील महत्त्वाच्या घटना बदलतात. उदाहरणार्थ, डबा आसावर थेट बसवलेला आहे की टांगलेला आहे, हा प्रश्न एरवीच्या इतिहासकाराला किरकोळ वाटेल. परंतु गाडीत बसून प्रवास करणे मनुष्याला सुसह्य झाले ते या एका प्रश्नाच्या उत्तरामुळे. आरंभीच्या चारचाकी गाड्यांत डबा सरळ सांगाड्यावर असे, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक दगड प्रवाशाच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत असे. पुढे तो डबा चामड्याच्या जाड पट्ट्यांनी खांबांना टांगण्यात येऊ लागला. धक्का कमी झाला, पण डबा पाळण्यासारखा झुलू लागला. त्यानंतर पोलादी कमानी आल्या. लवचिक पोलादाच्या, क्रमाने आखूड होत जाणाऱ्या पट्ट्या एकमेकींवर रचून केलेली कमान (आजचे मालमोटारवाले तिला कमानपाटा म्हणतात) वजनाखाली दबते आणि पुन्हा सावरते. ओबादाया एलियट या लंडनच्या कारागिराने १८०४ साली दोन कमानी समोरासमोर जोडून बदामाच्या आकाराची जोडकमान पुढे आणली आणि तिचे एकाधिकारपत्र घेतले. या जोडकमानीचा लाभ केवळ आरामापुरता नव्हता. डबा थेट कमानींवर आणि कमानी थेट आसांवर बसवता आल्यामुळे पुढचा आणि मागचा आस जोडणारी जी लांब, जड तुळई आजवर अपरिहार्य होती ती काढून टाकता आली; गाडी हलकी झाली, बुटकी झाली, आणि चढण्या-उतरण्यासाठी घडीच्या शिडीची गरज राहिली नाही. पुढे १८३८ साली लॉर्ड ब्रूम यांच्यासाठी लंडनच्या कारखान्यात जी लहान बंदिस्त गाडी तयार झाली आणि जी त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, ती अशाच हलक्या बांधणीची संतती होय.

गाडी वळवण्याचा प्रश्नही असाच. दोन चाकांची गाडी जनावर वळेल तशी वळते. चार चाकांच्या गाडीत मात्र पुढचा आस मधल्या खिळीभोवती फिरावा लागतो, आणि तो फिरताना पुढचे चाक डब्याला घासू नये म्हणून ते लहान करावे लागते, किंवा डब्याचा तळ तेथे वर उचलून घ्यावा लागतो. जुन्या बग्ग्यांची पुढची चाके लहान आणि मागची मोठी का, याचे कारण शोभा नसून हे आहे. आस जागच्या जागी ठेवून केवळ त्याच्या टोकांशी चाके वळवण्याची युक्ती लँकेन्सपर्गर या जर्मन कारागिराची. तिचे इंग्लंडमधील एकाधिकारपत्र रूडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ साली घेतले. घोडागाड्यांच्या काळात ती फारशी चालली नाही. पण आज कोकणातल्या महाडच्या पुलावरून जाणारी प्रत्येक मोटार त्याच तत्त्वाने वळते.

मात्र या सर्व रचनेचा पाया चाक हाच आहे, आणि चाकाच्या बाबतीत लंडनचा कारागीर आणि मराठी मुलखातील सुतार एकमेकांना सहज ओळखतील. लाकडी चाकाच्या मधला जाड भाग तो तुंबा, त्यात ठोकलेले दांडके ते आरे, आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर बसवलेल्या वक्र तुकड्यांचा घेर, आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी पट्टी ती धाव. जाणकार कारागीर आरे अगदी एका सपाटीत न ठेवता किंचित बाहेर झुकते ठेवतो, त्यामुळे चाक उथळ वाटीसारखे दिसते. पाहणाऱ्याला ते चाक वाकडे वाटते, पण त्या वाकडेपणात मोठा हिशेब आहे. जनावर चालताना गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे डोलते, आणि प्रत्येक झोल्याबरोबर भार तुंब्याला बाहेरच्या बाजूस ढकलतो. सपाट चाकाचे आरे या आडव्या धक्क्याने कालांतराने मुळाशी ढिले होतात, तर वाटीसारख्या चाकात तोच धक्का दगडी कमानीप्रमाणे आरे अधिक घट्ट दाबून धरतो. आसाची टोकेही किंचित खाली झुकवलेली असतात, म्हणजे ज्या आऱ्यावर त्या क्षणी भार आहे तो जमिनीशी सरळ उभा राहतो.

धाव चढवण्याची क्रिया तर कारखाना लंडनचा असो की कोकणातल्या एखाद्या गावातल्या सुताराचा, जवळपास सारखीच असते. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करतात. ती जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवतात. लोखंड लाल होऊ लागले की दोघे-तिघे सांडशींनी ती उचलून चाकावर टाकतात, घणाने ठोकून सारखी बसवतात, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत वर पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो आणि त्याच क्षणी आकुंचन पावणारी धाव चाकाचा प्रत्येक सांधा करकचून आवळते. तो आवळण्याचा आवाज ऐकूनच जुना सुतार काम साधले की नाही ते सांगतो. हिशेब मांडला तर दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.७ मीटर भरतो, आणि पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसने तापलेले लोखंड तेवढ्या घेरात तीन-साडेतीन सेंटिमीटर वाढते. धाव किती लहान करायची याची मर्यादा या वाढीने ठरते: जास्त लहान केली तर ती चढत नाही किंवा चढून आरे वाकवते, कमी लहान केली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच सुटून येते. हा आकडा सुताराने कधी लिहून ठेवला नाही; तो त्याच्या मापाच्या दोरीत आणि डोळ्यांत होता.

थ्रप यांनी प्राचीन रथांचा शोध घेतला तेव्हा भारतातील सर्वांत जुन्या गाड्यांचा पुरावा अजून जमिनीखाली होता. सिंधू संस्कृतीतील भाजक्या मातीच्या खेळण्यातील गाड्या विसाव्या शतकात उजेडात आल्या. आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली ओतीव धातूच्या चार वस्तू सापडल्या, त्यांपैकी एक म्हणजे दोन बैल जुंपलेली, उभ्या हाकणाऱ्याची, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची दोन चाकी गाडी. तिचे जू, लांब दांडी, आणि आरे नसलेली भरीव चाके इतकी स्पष्ट घडवलेली आहेत की ओतणाऱ्याने खरी गाडी समोर ठेवून काम केले असावे असे वाटते. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती उत्तर-हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहे. मावळातील भाजे लेण्यातील शिल्पात घोडे जुंपलेला रथ कोरलेला आहे, तो यानंतर कितीतरी शतकांनी. भरीव चाकापासून आऱ्यांच्या चाकापर्यंतचा प्रवास म्हणजे वजन कमी करून बळ टिकवण्याचा प्रवास, आणि तो महाराष्ट्राच्या भूमीत या दोन वस्तूंमध्ये डोळ्यांनी पाहता येतो.

तरीही चाक ठाऊक असणे आणि चाक चालणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि ते समजण्यासाठी वरंधसारखे गाव उत्तम. महाडहून भोरकडे निघालेली वाट वरंधाजवळ सह्याद्रीला भिडते, कावळ्या किल्ल्याच्या अंगाने वर चढते आणि देशावर उतरते. शिवथरची घळ याच डोंगराच्या कुशीत आहे. सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत येणारा माल आणि देशावरचे धान्य यांची अदलाबदल अशा घाटवाटांनीच होत असे, पण ती चाकांवर नव्हे. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे, डोक्यावरचे ओझे, खांद्यावरची कावड, आणि ऐपतवानांसाठी पालखी, मेणा किंवा डोली ही घाटाची वाहने होती. हे मागासलेपणाचे लक्षण समजणे चुकीचे ठरेल. सपाट, कठीण रस्त्यावर गाडी ओढायला तिच्या वजनाचा अगदी लहान अंश एवढा जोर पुरतो; पण वीस हात चालल्यावर एक हात उंची गाठणाऱ्या चढावर वजनाच्या विसाव्या भागाएवढा जादा जोर लागतो, म्हणजे हजार किलोच्या गाडीला पन्नास किलोचा, आणि पाच हातांत एक हात चढणाऱ्या पाऊलवाटेवर तो दोनशे किलोंवर जातो. लादणीचा बैल तीच पाऊलवाट निवांत चढतो. रायगडासारख्या राजधानीच्या डोंगरावर पालखी वर गेली आणि रथ गेला नाही, याचे कारण वैभवाच्या अभावात नाही. ते चढाच्या या हिशेबात आहे.

उतार तर चढापेक्षाही कठीण. चढताना गाडी फार तर थांबते. उतरताना ती जनावरांच्या अंगावर येते. इंग्लंडचे गाडीवान उतारावर मागच्या चाकाखाली साखळीने बांधलेला लोखंडी जोडा सरकवीत, म्हणजे चाक न फिरता घसरत जाई. घाटातला गाडीवान चाक दोराने जखडी, मागे लाकडाचा ओंडका ओढीत नेई, आणि थांबावे लागले की चाकामागे दगडाची उटी लावी.

म्हणून घाटात गाडी आली ती कारखान्यातून नव्हे, रस्त्याच्या आखणीतून. पुण्या-मुंबईच्या वाटेवरील बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला. त्यापूर्वी युरोपियनांच्या गाड्या हमालांच्या खांद्यांवर घाट चढत. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट, ज्याला फिट्झजेराल्ड या गव्हर्नरांचे नाव मिळाले, तो १८७० च्या दशकात, म्हणजे थ्रप लंडनमध्ये गाड्यांचा इतिहास सांगत होते त्याच सुमारास, चाकांना मोकळा झाला. नागमोडी वळणांनी अंतर वाढवायचे आणि त्या बदल्यात चढ सौम्य करायचा, हेच या सर्व रस्त्यांमागचे गणित आहे. आजही घाटातून जाणारा प्रवासी वळणांना कंटाळतो, पण ती वळणे बैलाच्या खांद्याच्या ताकदीवरून आखलेली आहेत.

मुंबईत हळूहळू लंडनच्या गाड्यांची नावे मराठी कानांना सरावली. राणीच्या नावाची व्हिक्टोरिया, जर्मन गावाच्या नावाची लँडो, ग्रीक पुराणातील सूर्यपुत्राच्या नावाची फेटन, आणि लॉर्डाच्या नावाची ब्रूम या सर्व रस्त्यावर धावत. त्यांच्या शेजारी देशी नावाच्याही गाड्या होत्या. शिग्राम हा शब्द संस्कृत ‘शीघ्र’वरून आला असे कोशकार सांगतात, त्याशिवाय टांगा, छकडा, दमणी, रेकला, आणि ओझ्याचा खटारा. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ साली बंद झाली. व्हिक्टोरिया मात्र त्यापुढे शतकभर टिकली, आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील घोडागाड्यांची हौसेची फेरी बेकायदा ठरवली.

कारागीर मात्र नावावर समाधान मानीत नाही. त्याला भाग हवे असतात. येथे मराठीची एक उणीव ठळकपणे दिसते. बैलगाडीच्या भागांची मराठी नावे मोल्सवर्थ यांच्या कोशात सापडतात. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे, आणि मोल्सवर्थ हे लष्करी अधिकारी होते. त्रिंबक नारायण अत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात गावालाच गाड्याची उपमा दिली, सुतार आणि लोहार या बलुतेदारांचे स्थान सांगितले. अत्रे हे महसूल खात्यातील अधिकारी होते. दोघांचेही ऋण मोठे आहे. परंतु दोघेही गाडीकडे बाहेरून पाहत होते. ज्याने धाव चढवली, ज्याने देशावर बाभूळ आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी खैर किंवा शिसवासारखे कठीण लाकूड निवडून तुंबा कोरला, त्याच्या लेखणीतून ही विद्या आलेली नाही, कारण त्याच्या हाती लेखणी दिलीच गेली नव्हती. थ्रप यांची खरी शिकवण येथे आहे. ते श्रीमंत होते, शहरात होते, त्यांना छापखाना आणि सभा उपलब्ध होती. पण कारागिराने स्वतःच्या कलेचा इतिहास जाणावा आणि रेखाटन शिकावे, असा आग्रह त्यांनी आपल्या व्यवसायात धरला, आणि त्या आग्रहातच त्यांचा ग्रंथ जन्मला.

पुढे मोटार आली तेव्हा थ्रप यांचा कारखाना बंद पडला नाही; तो मोटारींचे डबे बांधू लागला. गाडीवाल्यांचे शब्दही मोटारीत राहिले. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी गाडीवानापुढे बसवलेली फळी ती डॅशबोर्ड. आज त्या नावाच्या फळीवर वेगाचा काटा फिरतो. घोडागाडीवरील गाडीवानाची किंवा मागे बसणाऱ्या नोकराची बैठक ती डिकी. आज पोलादपूरच्या बसथांब्यावर उतरणारा प्रवासी डिकीतून आपली पिशवी काढतो. असे शब्द टिकले, कारण ते वेळीच लिहिले गेले होते.

मराठी गाडीचे शब्द अजून जिवंत आहेत: जू, शिवळा, धुरा, साटा, आख, तुंबा, आरे, धाव, आणि गाडी सोडल्यावर जू जमिनीला टेकू नये म्हणून पुढे उभा करायचा शिपाई. वरंध, बिरवाडी, पोलादपूर या परिसरात ज्यांनी लाकडी चाक स्वतः भरले असे हात असतील, त्यांच्या शेजारी वही घेऊन बसावे, प्रत्येक भागाचे नाव, माप आणि लाकूड त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर लेखक म्हणून त्या सुताराचे नाव घालावे.